चुकीची जन्मतारीख : 'शी रॅन क्विकर दॅन मी' या एका वाक्याचा इतिहास



'सिनॉप्सिस लिहून झालाय, विषयही बरा आहे, पण गाईड म्हणतात प्रश्न नीट नाही. म्हणजे नेमकं काय नीट नाही?' पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. याचं उत्तर नियम सांगून देता येत नाही. म्हणून आज माझी स्वतःची फजिती सांगते. जाता जाता इंग्रजी भाषेच्या इतिहासातला एक छोटा पण मजेशीर तुकडाही तुमच्या हाती लागेल.

एक वाक्य घ्या : 'शी रॅन क्विकर दॅन मी.' ती माझ्यापेक्षा जोरात धावली. नववीत असताना क्रीडादिनावरच्या निबंधात मी हे वाक्य लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा त्यात दोन लाल गोल होते. 'क्विकर'च्या डोक्यावर लिहिलं होतं 'मोअर क्विकली', आणि 'मी'च्या डोक्यावर 'आय'. समासात शेरा : 'मराठीत विचार करू नकोस.'

तो शेरा मी इतका मनावर घेतला, की पुढे पीएचडीचा विषय तोच झाला. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी तुलनावाचक रचनांमधल्या चुका आणि त्यांवरचा मातृभाषेचा प्रभाव, असं भारदस्त शीर्षक होतं. प्रथम वर्षाच्या मुलांकडून निबंध लिहून घेतले होते, चुकांचे तक्ते केले होते, आरआरसीसमोर मांडायचा सिनॉप्सिस तयार होता. मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "या चुका मराठीमुळे होतात, हे कशावरून?"

मी म्हटलं, "मॅडम, 'माझ्यापेक्षा'मधलं 'माझ्या' हे सामान्यरूप आहे. 'मीपेक्षा' आपण म्हणत नाही. म्हणून मुलं 'दॅन आय' न म्हणता 'दॅन मी' म्हणतात."

"बरं. मग ज्याला मराठीचा एक शब्द येत नाही, असा लंडनचा माणूस काय म्हणतो?"

मी गप्प.

"आणि तोच माणूस दोनशे वर्षांपूर्वी काय म्हणत होता? पाचशे वर्षांपूर्वी?"

सहा महिन्यांचं काम होतं. ते सगळं त्या दोन प्रश्नांपुढे उघडं पडलं. आज लिहितेय ते त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना जे सापडलं त्याबद्दल.

आधी वाक्य उकलून बघू

इंग्रजीत भूतकाळी क्रियापदानंतर तुलना येते तेव्हा ती एकाच प्रकारची नसते. निदान तीन जागा वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली : 'द रिव्हर ग्रू वायडर.' नदी रुंद होत गेली. इथे 'वायडर' नदीचं वर्णन करतं, म्हणजे ते विशेषण आहे.

दुसरी : 'शी रॅन फास्टर.' इथे 'फास्टर' धावण्याचं वर्णन करतं. हे क्रियाविशेषण.

तिसरी : 'ही एट मोअर.' त्याने जास्त खाल्लं. इथे 'मोअर' म्हणजे किती, हे प्रमाण.

या तिन्हींच्या मागे शेपूट लागतं 'दॅन'चं : 'दॅन मी', 'दॅन आय', 'दॅन आय डिड', 'दॅन बिफोर', 'दॅन वी एक्स्पेक्टेड'.

म्हणजे माझ्या वहीतले दोन लाल गोल हे दोन वेगळे प्रश्न होते. एक, क्रियापदानंतर 'क्विकर' चालतं की 'मोअर क्विकली'च हवं? दोन, 'दॅन'नंतर 'मी' की 'आय'? दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. माझ्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच रकान्यात होते, 'मातृभाषेचा प्रभाव'. ही माझी पहिली चूक.

'फास्टर' आणि 'बेटर'चं जुनं घर

साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीला आपण जुनी इंग्रजी म्हणतो. त्या भाषेत विशेषण आणि क्रियाविशेषण यांची तुलनावाचक रूपं वेगळी होती. विशेषणाला 'रा' असा प्रत्यय लागे, क्रियाविशेषणाला 'ओर'. आजच्या 'हार्डर'साठी तेव्हा दोन शब्द होते : जास्त कठीण वस्तू असेल तर 'हेआर्द्रा', आणि जास्त जोर लावून केलेलं काम असेल तर 'हेआर्दोर'. ऐकणाऱ्याला फरक लगेच कळायचा.

पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे, आघात नसलेले स्वर झिजत गेले. आपल्याकडेही बोलताना शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो, तसंच काहीसं. 'रा' आणि 'ओर' दोन्ही झिजून 'अर' झाले. साध्या क्रियाविशेषणाच्या शेवटचा 'ए' पंधराव्या शतकापर्यंत गळून गेला. परिणाम असा झाला, की 'फास्ट', 'हार्ड', 'लाँग' हे शब्द विशेषण म्हणून आणि क्रियाविशेषण म्हणून एकसारखेच दिसायला लागले. कुणी ठरवून विशेषण क्रियाविशेषणाच्या जागी बसवलं नव्हतं. दोन शेजाऱ्यांमधली भिंत पडली आणि घर एक झालं, इतकंच.

आता खरी गंमत बघा. 'शी सँग बेटर.' ती जास्त चांगलं गायली. हे वाक्य कुठलाही शिक्षक लाल करणार नाही. पण जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाची जागा 'बेटर'ची नव्हतीच! तिथे 'बेट' असा छोटा शब्द होता, आणि 'बेटर'चं जुनं रूप 'बेटेरा' हे विशेषण होतं. पुढे विशेषणाने क्रियाविशेषणाची जागा घेतली आणि 'बेट' मागे पडत नाहीसा झाला. 'लाँगर'चंही तसंच. 'जास्त वेळ' या अर्थाचं जुनं क्रियाविशेषण 'लेंग' होतं. आज 'ही स्टेड लाँगर' म्हणताना आपण मुळातलं विशेषणाचं रूप वापरत असतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

म्हणजे 'क्रियापदानंतर विशेषणाचं रूप आलं की चूक' हा नियम खरोखर लावायचा ठरवला, तर 'बेटर' आणि 'लाँगर' हे पहिले आरोपी व्हायला हवेत.

मग 'मोअर क्विकली' आलं कुठून?

'ली' हा प्रत्यय ज्या जुन्या शब्दावरून आला त्याचा अर्थ होता शरीर, आकार, रूप. इंग्रजीतला 'लाइक' हा त्याच गोतावळ्यातला. शेवटचा 'ए' गळाल्यावर क्रियाविशेषण ओळखायला दुसरी काही खूण हवी होती. 'ली' आधीपासून होताच, त्याचा वापर वाढला. या 'ली'वाल्या शब्दांनाही पूर्वी 'अर' लागायचा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'ईझिलिअर' अशा घाटाची रूपं सापडतात. आज ती कानाला विचित्र वाटतात.

'मोअर' लावून तुलना करण्याची पद्धत तेराव्या शतकापासून ठळक दिसायला लागते आणि पुढच्या दोनेक शतकांत चांगलीच रुजते. पाठ्यपुस्तकांत याचं श्रेय सरळ फ्रेंचच्या प्रभावाला दिलेलं असतं. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंच आली, फ्रेंचमध्ये स्वतंत्र शब्द लावून तुलना करतात, म्हणून इंग्रजीतही ते आलं. पण अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे. काहींच्या मते इंग्रजीत आतूनच अशी रचना तयार होत होती आणि फ्रेंचने फार तर हातभार लावला. इथे जरा थांबा. 'शेजारच्या भाषेत अशी रचना आहे, म्हणून ती तिथूनच आली' हा युक्तिवाद ओळखीचा वाटतोय ना? माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी हेच केलं होतं. फक्त फ्रेंचच्या जागी मराठी.

'मोअर' आणि 'अर' कित्येक पिढ्या एकत्र नांदले, कधी तर एकाच शब्दावर. शेक्सपिअरच्या काळात दुहेरी तुलना सर्रास होती. 'मोअर बेटर' लिहिलं म्हणून आपण मुलांचे गुण कापतो, पण त्या घाटाची रूपं तेव्हाच्या नावाजलेल्या लेखकांच्या लिखाणात आहेत. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्यांना दोष ठरवलं आणि हळूहळू ती शिष्ट लेखनातून गेली.

आणखी एक. प्रत्येक ठिकाणी 'ली' लावता येतो असंही नाही. 'ही वर्क्ड हार्डर' म्हणजे त्याने जास्त मेहनत केली. 'हार्डली' लावलंत तर अर्थ होईल 'जेमतेम', म्हणजे जवळजवळ उलटा. 'ही जम्प्ड हायर' म्हणजे उंच उडी. 'मोअर हायली' उडी नसते, मान असतो. ऑलिम्पिकचं 'सिटिअस, आल्टिअस, फोर्टिअस' हे मूळ लॅटिन ब्रीद इंग्रजीत 'फास्टर, हायर, स्ट्राँगर' असं म्हणतात, आणि तिथे कुणी 'मोअर हायली'चा आग्रह धरत नाही.

एक पाद्री आणि एक शास्त्रज्ञ

आता दुसरा लाल गोल. 'दॅन'नंतर 'मी' की 'आय'?

'दॅन' आणि 'देन' (मग, नंतर) हे मुळात एकच शब्द. त्यांची स्पेलिंग्ज पक्की वेगळी व्हायला साधारण 1700 साल उजाडलं. जुन्या इंग्रजीत तुलना दोन प्रकारे होत असे : या 'दॅन'च्या पूर्वजाने जोडून, किंवा 'दॅन' न वापरता नामाला थेट चतुर्थी विभक्ती लावून. विभक्ती झिजल्यावर 'दॅन'वरच सगळा भार आला. मग 'दॅन' हे दोन वाक्यं जोडणारं अव्यय मानायचं, की त्यामागच्या नामावर सत्ता चालवणारं शब्दयोगी अव्यय? पहिलं मानलं तर 'दॅन आय' (पुढचं 'रॅन' गाळलेलं). दुसरं मानलं तर 'दॅन मी'.

बोलणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता. 'दॅन'नंतर 'देम' असं कर्माचं रूप 1560 च्या जिनिव्हा बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात आहे, आणि 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येही त्याच जागी आहे. म्हणजे ही रचना फक्त गल्लीबोळातली नव्हती, चर्चमध्ये वाचली जात होती.

वाद पेटला तो अठराव्या शतकात. 1761 मध्ये जोसेफ प्रीस्टलीचं इंग्रजी व्याकरण आलं. हाच तो पुढे ऑक्सिजनच्या शोधासाठी प्रसिद्ध झालेला प्रीस्टली. तेव्हा तो शाळा चालवत होता. भाषेत काय बरोबर हे शेवटी वापरच ठरवतो, अशी त्याची भूमिका. पुढच्याच वर्षी, 1762 मध्ये, रॉबर्ट लोथचं व्याकरण आलं, पहिल्या आवृत्तीत लेखकाच्या नावाशिवाय. लोथ धर्मगुरू, पूर्वी ऑक्सफर्डला काव्याचा प्राध्यापक, पुढे लंडनचा बिशप. 'दॅन'नंतरचं गाळलेलं क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय मनात पुरं करायचं आणि त्यावरून सर्वनामाचं रूप ठरवायचं, असा त्याचा नियम. विशेषणं क्रियाविशेषणासारखी वापरण्यालाही त्याने दोष दिला. मात्र त्याचे नमुने मुख्यतः 'एक्स्ट्रीम'सारखे शब्द दुसऱ्या विशेषणाआधी लावण्याचे होते, आणि ते त्याने ड्रायडन, स्विफ्ट अशा बड्या लेखकांच्या लिखाणातून काढले होते.

मनात वाक्य पुरं करून बघायचं! तुम्हालाही शाळेत हेच शिकवलं असेल. 'दॅन आय'च्या पुढे 'रॅन' ठेवून बघा, जुळलं तर बरोबर. 1795 मध्ये लिंडली मरेचं व्याकरण निघालं. त्याने लोथकडून भरपूर घेतलं, आणि ते पुस्तक ब्रिटन, अमेरिका करत हिंदुस्थानातल्या इंग्रजी शाळांपर्यंत पोचलं. तिथून पुढे व्याकरणाच्या पुस्तकांची पिढ्यानपिढ्या परंपरा. माझ्या वहीवरचा लाल गोल काढणारा हात आमच्या बाईंचा होता, पण त्यामागे अडीचशे वर्षांपूर्वीचं लंडनमध्ये छापलेलं पुस्तक होतं.

लोथच्या नियमाला एक भोकही होतं, आणि ते त्याला स्वतःला दिसलं होतं. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये 'दॅन हूम' अशी रचना आहे. नियमाप्रमाणे तिथे 'दॅन हू' हवं. लोथने 'दॅन हूम' अपवाद म्हणून मान्य केलं. अपवाद करावा लागला, याचाच अर्थ 'दॅन'चं शब्दयोगी रूप भाषेत पक्कं बसलेलं होतं.

लोथला खलनायक करून मोकळं व्हायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण इंग्रिड टीकन-बून व्हॅन ओस्टाडे यांचं 'द बिशप्स ग्रामर' हे 2011 चं पुस्तक वाचलं आणि चित्र बदललं. त्यांनी लोथची खासगी पत्रं तपासली. त्या पत्रांतली भाषा त्याच्याच व्याकरणातल्या नियमांशी ठिकठिकाणी जुळत नाही. व्याकरण लिहिणारा माणूस घरी वेगळं लिहीत होता. नियम म्हणजे वापराचा पुरावा नव्हे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? उलट, एखादी गोष्ट करू नका असं पुस्तकात ठासून लिहिलेलं असेल, तर लोक ती करत होते असंच बहुतेक वेळा समजावं.

रोजची भाषा सापडते कुठे?

इथून पुढे माझ्या खऱ्या कामाला सुरुवात झाली. व्याकरणांवरून रोजची भाषा कळत नाही, साहित्यावरून अर्धवट कळते. मग दोनशे वर्षांपूर्वीचा मोलकरणीचा, गाडीवानाचा, दुकानदाराचा आवाज कुठे ऐकायचा?

एक जागा आहे : कोर्ट. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत 1674 ते 1913 या काळात छापले गेले. 1,97,000 हून जास्त खटले आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आपल्या दृष्टीने सोन्याची खाण, कारण साक्षीदार भूतकाळातच बोलतो. मी पाहिलं, तो पळाला, मी मागे धावलो, तो माझ्यापेक्षा जोरात पळाला. भूतकाळी क्रियापद आणि त्यामागे तुलना, अशा रचना जिथे साहजिकच येणार अशी ही जागा.

पण खाणीत उतरताना हेल्मेट लागतं. हे वृत्तांत सुरुवातीला लोकांना विकण्यासाठी छापले जात, म्हणजे रंजक भाग मोठा, बाकीचा कापलेला. वकिलांचे प्रश्न बऱ्याचदा गाळून साक्षीदाराची उत्तरं एकसलग छापलेली असत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून गर्नी घराण्यातल्या लघुलेखकांनी हे काम केलं. लघुलिपीतून पूर्ण लिपीत आणताना 'क्विक' होतं की 'क्विकली', हे कुणी ठरवलं? साक्षीदाराने, लघुलेखकाने, की छापखान्यात जुळाऱ्याने? म्हणून या वृत्तांतांना 'बोलीच्या जवळचं लेखन' म्हणायचं, 'बोली' म्हणायचं नाही. तुमच्या साधनाला नेमकं काय म्हणायचं, हे पहिल्याच प्रकरणात ठरवून टाका. माझे दोन आठवडे वाचले असते.

माझा फसलेला शोध

पहिला शोध मी अगदी भाबडेपणाने लावला. 'एड'ने संपणारं क्रियापद, त्यापुढे 'अर'ने संपणारा शब्द. निकाल धडाधड आले आणि मी खूश! मग पहिलं पान वाचलं. 'आफ्टर', 'नेव्हर', 'ओव्हर', 'अनदर', 'हर'. खुनाच्या खटल्यांत 'मर्डर'. तुलना शोधायला गेले आणि हाताला लागला सगळा पालापाचोळा.

दुसरी अडचण, 'एड'मध्ये भूतकाळ आणि भूतकाळवाचक धातुसाधित दोन्ही येतात. आणि 'रॅन', 'सँग', 'एट' यांना तर 'एड' लागतच नाही. म्हणजे रोजच्या वापरातली कितीतरी क्रियापदं शोधाच्या बाहेरच. मग शब्दजातींचे टॅग लावलेल्या कॉर्पसकडे वळले. अमेरिकन इंग्रजीचा मार्क डेव्हिस यांचा ऐतिहासिक कॉर्पस आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचा, 40 कोटींहून जास्त शब्दांचा. तिथे भूतकाळी क्रियापद आणि तुलनावाचक शब्द असा थेट शोध घेता येतो. पण 'ग्रू वायडर' आणि 'रॅन फास्टर' यांतला फरक टॅग लावणारा प्रोग्राम नेहमी बरोबर ओळखेल याची खात्री नाही. रूप एकच आहे ना! ती पडलेली भिंत संगणकालाही आडवी येते. शेवटी एकेक ओळ वाचून हाताने वर्गीकरण करावं लागतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. अप्रमाण इंग्रजीत 'कम', 'रन', 'सी', 'गिव्ह' ही रूपंच भूतकाळासाठी वापरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. 'ही रन अवे' म्हणजे तो पळून गेला. मी 'रॅन' शोधत होते. म्हणजे ज्या माणसाचा आवाज ऐकायचा म्हणून कोर्टात शिरले, नेमका तोच माझ्या जाळीतून निसटत होता. शाळेतल्या व्याकरणाने विणलेल्या जाळीत शाळेतलंच इंग्रजी अडकणार.

मग मराठीचं काय झालं?

मॅडमच्या प्रश्नाकडे परत येते. 'दॅन मी' मराठीमुळे येतं का? मराठी न येणारे इंग्रज निदान सोळाव्या शतकापासून 'दॅन'नंतर कर्माचं रूप वापरत आले आहेत, आणि आजही बोलताना 'दॅन मी' हेच सर्वसाधारण आहे. मराठीमुळे ते आपल्याला सोपं वाटत असेल, नाकारत नाही. पण नुसत्या निबंधांवरून ते सिद्ध होत नाही. क्रियापदानंतरच्या 'क्विकर'चंही तेच. 'मोअर बेटर'चा दावाही डळमळला. माझ्या तक्त्यातले तीन मोठे रकाने एका महिन्यात रिकामे झाले. त्या रात्री मी खरंच रडले, हेही सांगून टाकते.

पण सगळंच गेलं नाही. निबंधांमध्ये आणखी एक नमुना होता : 'शी रॅन फास्ट दॅन मी.' इथे 'अर' नाही, 'मोअर' नाही. मराठीत 'ती माझ्यापेक्षा जोरात धावली' म्हणताना 'जोरात'ला काहीच लागत नाही, तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' करतो. 'उच्चतर'सारखा 'तर' संस्कृतातून आलेला आणि पुस्तकी, 'जास्त' किंवा 'अधिक' लावायचं तर लावा, नाही तर नाही. इंग्रजीत मात्र 'दॅन'च्या आधी तुलनेची खूण सहसा लागतेच. तेव्हा इथे मराठीचा हात असण्याचा संशय रास्त आहे. तरी तो संशयच. ज्यांच्या मातृभाषेत विशेषणाला तुलनेचा प्रत्यय लागतो, असे विद्यार्थीही ही खूण गाळतात का, हे बघितल्याशिवाय माझा दावा उभा राहत नाही. आता माझा प्रबंध यावर आहे. विषय चिमटीत मावेल एवढा झालाय, पण विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देता येतं.

'दॅन'च्या शेपटीतही काम आहे. 'शी ट्रस्टेड हिम मोअर दॅन मी' याचे दोन अर्थ होतात : माझ्यावर ठेवला त्यापेक्षा जास्त विश्वास तिने त्याच्यावर ठेवला, किंवा मी ठेवला त्यापेक्षा जास्त तिने ठेवला. इंग्रजी बोलणारा हा गुंता 'दॅन आय डिड' म्हणून सोडवतो. आधीच्या क्रियापदाऐवजी 'डू' वापरण्याची ही युक्ती जुन्या इंग्रजीपासूनची आहे, आणि 'मी-आय'च्या भांडणात न पडता वाक्य सुटतं. मराठीत हा गुंता बऱ्याचदा शब्दांच्या क्रमाने सुटतो. 'तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडायचा' आणि 'माझ्यापेक्षा तिला तो जास्त आवडायचा', दोन्ही मोठ्याने म्हणून बघा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय इंग्रजी नसेल, तरी तीन गोष्टी तपासून बघा.

एक, तुम्ही ज्याला 'चूक', 'ऱ्हास' किंवा 'प्रभाव' म्हणताय, त्याला तसं पहिल्यांदा कुणी आणि कधी म्हटलं? त्याआधी लोक काय करत होते?

दोन, तुमचं कारण जिथे लागूच होत नाही, अशा ठिकाणीही तोच परिणाम दिसतो का? माझ्या बाबतीत ते ठिकाण लंडन होतं. तुमच्या बाबतीत कदाचित शेजारचा जिल्हा असेल.

तीन, तुमची शोधायची पद्धत कुणाला गाळतेय? सापडलेल्या डेटावर खूश होण्याआधी पहिल्या पन्नास ओळी स्वतः वाचा. मग जे सापडायला हवं होतं आणि नाही सापडलं, त्याची यादी करा.

नववीतली ती वही अजून घरी आहे. मध्यंतरी गावी गेले तेव्हा काढून बघितली. बाईंवर राग नाही. त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी शिकवलं, आणि परीक्षेच्या पेपरात 'दॅन आय'लाच मार्क मिळत होते हेही खरं. औपचारिक लेखनात 'मोअर क्विकली' लिहायला मी आजही मुलांना सांगते. फक्त 'मराठीत विचार करू नकोस' असा शेरा मी कुणाच्या वहीत लिहीत नाही. वाक्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिते : 'बोलताना चालेल. पेपरात असं लिही.'

तुमच्या विषयात असा एखादा 'दॅन मी' सापडला, तर जरूर कळवा.